गोळी उतरवताना सांधे का धरतात?



या पानावर एरवी खोडवा, हुमणी, ठिबक, माती परीक्षण अशाच गोष्टी येतात. या खेपेस थोडे निराळे लिहितो आहे. विषय दुखण्याचा आहे, आणि त्यात चूक माझी आहे. तसली चूक आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात पुडीत बांधून विकत मिळते, म्हणून ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

माझी धाकटी बहीण दहिसरला दिलेली आहे. दाजी छापखान्यात कामाला, रावळपाड्याच्या बाजूला दोन खोल्यांचे घर. दोन वर्षांपूर्वी तिला शौचातून रक्त जाऊ लागले. मूळव्याध म्हणून सहा महिने असेच गेले. शेवटी दुर्बीण घालून तपासले, तेव्हा मोठ्या आतड्याला आतून सूज व जखमा निघाल्या. आजाराचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा जंतूंचा रोग नव्हे. शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती असते, तीच आपल्या आतड्यावर उलटते, आणि मग सूज वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहते. आमवात, ल्युपस ही याच भावकीतली दुखणी; कुणाच्या सांध्यावर येते, कुणाच्या कातडीवर, कुणाच्या आतड्यावर.

डॉक्टरांनी स्टिरॉइडची गोळी सुरू केली. प्रेडनिसोलोन, रोज ४० मिलिग्रॅम. आठवड्यात रक्त थांबले. भूक अशी लागली की दाजी थट्टेने म्हणाले, रेशन पुरंना. पण ही गोळी कायम घ्यायची नसते. दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने उतरवत आणायची, असे तारखेसह चिठ्ठीवर लिहून दिले, आणि जोडीला आतड्यासाठी लांब पल्ल्याचे वेगळे औषध चालू केले.

४० पासून १० पर्यंत सगळे सुरळीत झाले. ५ वर आली आणि एका रात्री फोन आला.

"दादा, आतडं बरं झालं, पण आता हाताची बोटं वळंनात. सकाळी कणीक मळवत नाही. मनगटं, गुडघे, खांदे, सगळं ठणकतंय. असं मला कधीच नव्हतं."

मी काय करावे? डॉक्टरांना सांग म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. आमच्या बुधवारच्या बाजारात एक जण पाल ठोकून बसतो. गुडघे, कंबर, सांधे, कशावरही एकच पुडी. आमच्या आळीत चार-पाच जण घेतात, गळिताच्या दिवसांत तोडणीवाली माणसेही घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभी राहतात हे मी डोळ्यांनी पाहिलेले. तीस पुड्या घेतल्या, रात्रीची एसटी धरली, पहाटे बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीत उतरलो आणि रिक्षाने दहिसर गाठले. "जडीबुटीची आहे, हिला साइड इफेक्ट नसतो," असेही वर सांगितले. कुणाच्या अधिकाराने सांगितले, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी बहिणीचे हात मोकळे झाले. तिने पुरणपोळी केली. मी फुशारून गावी परतलो.

तीन आठवड्यांनी तिच्या डॉक्टरांना कोडे पडले. गोळी तर उतरत चाललेली, मग चेहरा पुन्हा गोल का दिसतो? रक्तातली साखर का चढली? "आणखी काही घेता का?" असे त्यांनी दोनदा विचारले. बहीण गप्प राहिली. भावाने आणलेले कसे सांगावे, असे तिला वाटले असणार. दाजींनी सांगून टाकले. पुढच्या तारखेला डॉक्टरांनी मलाच बोलावून घेतले.

ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागले. म्हणाले, "पुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण एका रात्रीत सांधे मोकळे करणारी आणि तोंड सुजवणारी पुडी म्हटलं की आमच्या मनात पहिल्यांदा स्टिरॉइडच येतं." देशी औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आणि पुडीवर मात्रा लिहिलेली नसते. आज पाच, उद्या वीस, कोण मोजतो?

मग त्यांनी मला गोळी उतरवण्याचे शास्त्र सांगितले. ते मी आपल्या भाषेत सांगतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचा रस तयार करतात. ताप, जखम, उपास, भीती, कोणताही ताण सोसायला हा रस लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी एक ग्रंथी रक्तात हा रस किती आहे ते पाहते आणि त्याप्रमाणे हुकूम सोडते. बाहेरून गोळीतून भरपूर रस येऊ लागला की हुकूम बंद पडतो आणि खालच्या ग्रंथी आळसावतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गोळी चालली, तर हा धोका धरून चालावे लागते.

समजा, आपली स्वतःची विहीर आहे. पण कालव्याला पाणी मुबलक, म्हणून दोन वर्षे मोटर सुरूच केली नाही. एके दिवशी पाटबंधारेवाल्यांनी आवर्तन एकाएकी बंद केले. बटण दाबताच विहीर पाणी देईल का? पाइपात हवा धरलेली, फुटव्हॉल्व्ह गळका, झरे गाळाने बुजलेले. ऊस तर उभा आहे, त्याला आज पाणी पाहिजे. कालवा हळूहळू कमी होत गेला, तर मात्र विहीर उपसून झरे मोकळे करायला सवड मिळते. गोळी उतरवण्यात जो धीमेपणा ठेवतात, तो या सवडीसाठी.

शरीर रोज जेवढा रस स्वतः करते, तो साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचा असतो. म्हणून ४० वरून २० वर येताना सहसा या कारणाने त्रास जाणवत नाही, आणि ५ च्या आसपास आल्यावर खरी परीक्षा होते. अंग मोडून येते, सांधे-स्नायू ठणकतात, भूक जाते, उठताना भोवळ येते, काही न करता थकवा वाटतो. बहिणीची विहीर नुकती पाझरू लागली असेल नसेल, तोच मी मधे चोरून दुसरा पाट सोडला. तिच्या कॉर्टिसॉलची सकाळची तपासणी व्हायची होती. पुडीमुळे तीही पुढे ढकलावी लागली.

हे दुखणे नवे नाही. औषध जेवढे जुने, जवळजवळ तेवढेच जुने आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉ. फिलिप हेंच यांना बरीच वर्षे एक गोष्ट खटकत होती. आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली, की तिचे सांधे तेवढ्यापुरते बरे होतात. शरीरातच काहीतरी औषध तयार होत असले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी ग्रंथींच्या रसातून वेगळे केलेले एक द्रव्य २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या बाईला टोचण्यात आले. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. तेच कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

पण औषध थांबवले की दुखणे परत येते, आणि चालू ठेवले तर तोंड सुजते, हे लवकरच दिसले. हेंच यांच्याच चमूतले डॉ. चार्ल्स स्लोकंब यांनी १९५३ साली आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. मात्रा कमी करताना काही रोग्यांना अंगदुखी, आखडलेपणा आणि थकवा येतो, आणि हा प्रकार मूळ रोग उलटण्यापेक्षा निराळा दिसतो. पुढे डॉक्टर मंडळींनी याला 'खोटा संधिवात' अशा अर्थाचे नाव दिले. दुखते ते खरेच, फक्त सांध्यात रोग नसतो.

जडीबुटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सुरुवातीला हे औषध गुराढोरांच्या पित्तापासून मोठ्या खटाटोपाने करीत. नंतर मेक्सिकोतल्या रानकंदापासून, आणि आपण बांधाला लावतो त्या घायपाताच्या रसातल्या हेकोजेनिन नावाच्या द्रव्यापासूनही स्टिरॉइडे तयार होऊ लागली. तेव्हा 'वनस्पतीचे आहे' म्हणजे 'निरुपद्रवी आहे' हे गणित चुकते. (म्हणून कुणी घायपात उकळून पिऊ नये. कारखान्यात बरीच रसायनक्रिया झाल्यावर त्याचे औषध होते.)

आता मुख्य गोष्ट. गोळी उतरताना सांधे दुखले म्हणजे तो 'खोटा संधिवात'च, असे घरी बसून ठरवता येत नाही. डॉक्टरांनी बहिणीला जे विचारले, ते मी शेजारी बसून ऐकले. रक्त पुन्हा जाते का? सांध्यावर सूज आहे, की नुसते दुखते? सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? दोन्ही बाजू सारख्या दुखतात, की एकच? ताप? वजन? कारण आतड्याचा हा आजार स्वतःच सांधे धरतो. पुष्कळदा आतडे बिघडले की गुडघा-घोट्यासारखे मोठे सांधे सुजतात. पण बोटांचे लहान सांधे आतडे शांत असतानाही दुखू शकतात. स्टिरॉइडच्या जोरावर दबून राहिलेला दुसराच एखादा संधिवात, मात्रा उतरल्यावर डोके वर काढतो असेही घडते. नव्या औषधाचाही कधी त्रास होतो. बहिणीला सूज नव्हती, रक्त नव्हते, सूज मोजणारी सीआरपी तपासणीही ठीक आली. तेव्हा तिच्या बाबतीत मात्रा उतरण्याचेच कारण धरले. पुडी बंद केली, पण आतापर्यंत शरीरात किती गेले ते माहीत नसल्याने गोळी थोडी वर नेऊन ७.५ वर ठेवली आणि तिथून महिन्याला एकेक मिलिग्रॅम उतरवायचे ठरले.

एक सांधा लाल, गरम, हात लावू देत नाही आणि अंगात ताप, असे असेल तर मात्र एक रात्रही थांबू नये. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्यातून स्टिरॉइडवर असलेल्या माणसाला ताप नेहमीसारखा सणसणून येत नाही, म्हणून 'ताप नाही, म्हणजे काही नाही' हाही भरवसा नको. क्षयाचे तसेच. या गोळीने दबलेला क्षय जागा होऊ शकतो, आणि तो फुफ्फुसातच राहतो असे नाही. मणक्यात आणि खुब्यातही जातो.

दोन महिन्यांत बहिणीचे हात सुधारले. मनगटे गेली, खांदे गेले. मी सुटलो असे मला वाटले.

तेवढ्यात डाव्या जांघेत दुखू लागले होते, आणि ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. दहिसर स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना कळ यायची, मांडी घालून बसले की यायची. डॉक्टरच म्हणाले होते ना, गोळी उतरताना दुखणार? मग हेही त्यातलेच, असे तिने धरले. मला हे फार लागले. समजावून सांगितलेल्या गोष्टीनेच तिला गप्प बसवले. लंगडायला लागल्यावर दाजींनी तिला नेले. साध्या एक्स-रेत काही दिसले नाही. एमआरआय काढल्यावर कळले, की मांडीच्या हाडाच्या गोळ्याला होणारा रक्तपुरवठा कमी पडून त्याचा थोडा भाग मरू लागला आहे. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. स्टिरॉइड हे त्याचे एक ठाऊक असलेले कारण आहे.

हा आजार मुंबईत कोविडनंतर बराच चर्चेत आला. २०२० साली दहिसरलाही जंबो कोविड केंद्र उभे राहिले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन नावाच्या स्वस्त स्टिरॉइडने, व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. या औषधाने माणसे वाचवली, हे पहिल्यांदा मान्य केले पाहिजे. पण पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीच्या आतल्या तीन रोग्यांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिघांनाही कोविड होऊन गेलेला, तिघांनाही स्टिरॉइड दिलेले, आणि तिघांच्याही खुब्यात हा विकार. कोविड कळल्यापासून सरासरी ५८ दिवसांत तो सापडला. एरवी स्टिरॉइडनंतर सहा महिने ते वर्ष लागते असे मानतात. सरासरी एकूण मात्रा होती ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, तर आधीच्या ग्रंथांत धोक्याचा आकडा २,००० च्या आसपास दिलेला. कोविडमध्ये रक्तच गोठू लागते, त्याचाही हात असेल. म्हणून ते आकडे आतड्याच्या रोग्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तरी मी रात्री बसून बहिणीचा हिशेब केला. ४० पासून ५ पर्यंत, प्रत्येक पायरीला सात दिवस, एकूण १,२६० मिलिग्रॅम. हे झाले चिठ्ठीवरचे. माझ्या पुड्यांचे किती, ते कोणत्या वहीत पाहणार? डॉक्टरांना मी सरळ विचारले, "साहेब, हे माझ्यामुळं झालं का?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. चिठ्ठीवरच्या गोळीनंही होऊ शकतं. पण जांघेचं दुखणं पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

विकार अजून पहिल्या पायरीवर आहे. हाडाचा गोळा चपटा झालेला नाही. त्या पायावर भार टाकायचा नाही, काठी वापरायची, हाडाचे औषध घ्यायचे. जरूर पडली तर हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी करतात. गोळा खचलाच, तर सांधा बदलण्यावाचून इलाज राहत नाही. तशी वेळ येऊ नये.

आता गावाकडचे. परत आलो ते तडक आमच्या आळीतल्या गड्याकडे गेलो. दोन वर्षे रोज पुडी घेणारा. त्याला म्हटले, "आजपासून पुडी बंद. विष आहे ते." त्याने माझे ऐकले. चौथ्या दिवशी त्याचा पोरगा धावत आला. बापाला उलट्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, सगळे अंग ठणकतेय, बोलायचेही त्राण नाही. कालवा एकदम बंद करू नये हे दहिसरला शिकून आलो, आणि गावात येऊन मीच दार आपटले! जीप काढून तालुक्याला नेले. पुडीचे सगळे सांगितले, कागदही दाखवला. ते ऐकताच तिथल्या डॉक्टरांनी तपासणीचे रक्त काढून घेतले आणि निकालाची वाट न बघता सलाइन लावून हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. संध्याकाळी गडी उठून बसला व चहा मागू लागला.

तेव्हा आपल्या सभासदांत, त्यांच्या घरात किंवा तोडणीच्या टोळीत कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल, तर ती एकाएकी सोडायला लावू नका, चालूही ठेवू नका. उरलेली पुडी खिशात घालून त्याला डॉक्टरांकडे न्या. ते मोजलेल्या मात्रेची गोळी देऊन ती उतरवत नेतील. दीर्घकाळ स्टिरॉइडवर असणाऱ्याने तसे लिहिलेला कागद पाकिटात ठेवावा. अपघात झाला, शस्त्रक्रिया ठरली किंवा तापाने फणफणला, तर अशा माणसाला मात्रा तात्पुरती वाढवून द्यावी लागते, आणि समोरच्या डॉक्टरला ते कळणार कसे? गोळी उरलेल्या उलट्यांत पडून जात असेल तर इंजेक्शनच लागते.

आमच्या गड्याच्या चिठ्ठीवर आता तारखांसह मात्रा लिहिलेली आहे. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतो, पण पोरगा हिशेबाने गोळी देतो. बाजारातल्या पालवाल्याकडे मी दोनदा जाऊन आलो. "माझ्या पुडीनं आजवर कुणी मेलं का?" असे तो मलाच विचारतो. एक पुडी मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्जासोबत दिली आहे.

पुढच्या महिन्यात बहिणीचा दुसरा एमआरआय आहे, म्हणून पुन्हा बोरिवलीची गाडी धरायची आहे. या खेपेस पिशवीत शेंगा आणि हुलगे नेणार आहे. गूळ-काकवी आणू नको म्हणाली. रक्तातली साखर अजून पुरती उतरलेली नाही.